टिनाची खोली, खारं पाणी, १६० व्होल्ट. बाबासाठी एसी घेऊ का कूलरच बरा?

खारपाणी_कास्तकार (दर्यापूर तालुका, अमरावती), १९ एप्रिल

नमस्कार मंडळी, वाचतो रोज पण लिहून पहिल्यांदाच रायलो, चुकलं तर सांभाळून घेजा.

घर गावात हाये. पुढच्या दोन खोल्या आज्याच्या वेळच्या, मातीच्या भिंती, वर धाबं म्हंजे मातीचं छत. मागं एक खोली २०१९ मधे वाढवली, ती विटाची अन् वर टिन. बाबा ७४ वर्षाचे, बीपीची गोळी चालू. ते त्या टिनाच्या खोलीतच राहते काऊन की संडास-बाथरूम तिकडंच लागून हाये अन् रात्री दोन-तीनदा उठा लागते त्याईले. खोली १२ बाय १४, एका अंगानं ११ फूट उंच, दुसऱ्या अंगानं ९. खिडकी एकच, पश्चिमेची, दार ओसरीत उघडते.

आता एप्रिलमधेच दुपारी चार वाजता तिथं बसलं का डोकं ठणकते. पंखा लावला तर वरून भट्टीची हवा. कूलर हाये, लोखंडी, नऊ वर्ष झाले त्याले, पण आमचं पाणी कसं ते खारपाण पट्ट्यातल्या लोकाईले सांगा नाही लागत. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, कूलरची ताटी, म्हंजे बाजूची भिजणारी जाळी, महिन्याभरात पांढरी फटक होऊन टोपल्यासारखी कडक होते, बोटानं दाबली तर कुरकुर वाजते अन् मिठाचा चुरा खाली पडते. नळाचं गोडं पाणी चार-पाच दिवसाआड, ते प्याले पुरत नाही तर कूलरले कुठून टाकू.

लाइनीचं म्हणाल तर संध्याकाळी सात ते अकरा मीटर लावून पाह्यलं, १६० ते १७०. दुपारी दोन-तीन तास जाते ते वेगळंच.

लहान भाऊ पुण्यात हाये, तो म्हणते दादा फालतू विचार करू नको, दीड टनाचा एसी पाठवतो, बाबा आरामात झोपतीन. एसी तो देईन, बिल तं मलेच भरा लागन न. सध्या उन्हाळ्यात ११०-१२० युनिट येते. अन् १६० वर तो चालन काय? का मोठा प्लास्टिकचा कूलर घेऊ मधमाशीच्या पोळ्यासारख्या ताटीवाला? ज्याच्या घरी अशी खोली हाये त्यानंच सांगजा, शोरूमवाल्याचं ऐकून झालं.

---

पुसदचा_पोऱ्या, १९ एप्रिल

माझ्या घरी अशीच खोली आहे म्हणून सांगतो. मागच्या वर्षी टिनाखाली एक टनाचा तीन स्टार बसवला, कारण तो स्वस्त होता आणि खोली १० बाय १२ च होती. मे मध्ये दुपारी १८ वर ठेवला तरी खोली ३१ च्या खाली उतरेना, कॉम्प्रेसर बंद व्हायचं नावच नाही. त्या महिन्याचं बिल ३४० युनिट. आई म्हणे हा एसी आहे का पाहुणा, खातो खूप आणि काम काहीच करत नाही.

नंतर कळलं की एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ डिग्री धरून. आपल्याकडे ४५-४६ असतं आणि बाहेरचा डबा माझा पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगलेला, त्याच्यात वरून टिन तापलेलं. म्हणजे एक टनाचा तो एक टन राहातच नाही.

लेबलवर जे वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते १६०० तासांचे असतात हे पण बघा. पाच स्टार दीड टनावर साधारण ७५०-८५० लिहिलेलं असतं, म्हणजे तासाला अर्धा युनिट, पण टिनाखाली मे मध्ये दुपारी तो तासाला एक-सव्वा युनिट सहज खातो. ८ तास चालवला तर महिन्याला अडीचशे-तीनशे नुसत्या एसीचे. आणि १०० युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटाचा दर जवळपास दुप्पट, ते गणित वेगळं. तुमचे ११० आधीच वर आहेत म्हणजे एसीचा एकेक युनिट महागाचाच पडणार.

---

वर्धेचा_वायरमन, १९ एप्रिल रात्री

भौ एसी-कूलर नंतर, आधी वायरिंगचं सांगतो.

१६० व्होल्टवर तुमच्या कूलरची मोटर निम्म्या ताकदीनं फिरते, काऊन की व्होल्टेज जेवढं उतरते त्याच्या वर्गानं ताकद उतरते. १६० भागिले २३० चा वर्ग करा, अर्धा पण नाही येत. म्हणून संध्याकाळी कूलर घुर्रर्र करते, हवा येत नाही अन् मोटर तापते. लोक म्हणते कंडेन्सर गेला, तो बदलते, दोन दिवसानं पुन्हा तेच. कंडेन्सर बिचारा चांगला असते.

इन्व्हर्टर एसी कमी व्होल्टेजवर चालते, कोणत्या ते खोक्यावर लिहिलेलं असते, १४५ लिहिलेलं असन तर चालन. पण लक्षात घ्या, तेवढंच काम करायले व्होल्टेज कमी असलं का करंट जास्त ओढते. २३० वर साडेसहा अँपिअर ओढणारा १६० वर नऊ-साडेनऊ ओढन. तुमच्या मागच्या खोलीत २०१९ मधे ज्यानं वायरिंग केलं त्यानं दीड एमएमची वायर पंख्या-लाइटासाठी टाकली असन, त्याच्यावरच सॉकेट मारलं असन. त्याच्यावर एसी लावजा नको. मीटरपासून वेगळी चार एमएमची तांब्याची लाइन अन् वेगळा एमसीबी. अन् मंजूर लोड किती हाये ते बिलावर पाहा, एक किलोवॉट असन तर आधी वाढवून घ्या. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) गावातले सगळेच असं गुपचूप एसी टाकून रायले म्हणूनच तर १६० येऊन रायलं.

आता खरं कामाचं. अर्थिंग हाये काय?

दर उन्हाळ्यात पेपरात येते, कूलरचा शॉक लागून गेला. लोखंडी कूलर, पत्रा, आत पाणी, खाली ओली फरशी, अन् माणूस बनियनवर, अनवाणी. आमच्या शेजारच्या मावशी चालू कूलरमधे पाण्याच्या गुंडानं (हंड्यानं) पाणी टाकत होत्या, गुंड चिकटला हाताले. नशीब, सून बाजूलेच होती, तिनं बटण नाही शोधलं, सरळ बोर्डातली पिन उपटली. मी नंतर जाऊन पाह्यलं तर थ्री पिनची तिसरी वायर कापून टोपीत खोचलेली, काऊन की सॉकेट टू पिनचं होतं.

तुमच्याकडं काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडते, हात जाते आत. अर्थिंगचा खड्डा असला तरी सुकून जाते अन् त्याच्यातून काहीच उतरत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ टाकून हप्त्यातून दोनदा बादलीभर पाणी सोडत जा. अन् ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हंजे करंट गळला का लाइन तोडते तो खटका, एसीच्या किमतीपुढं त्याची किंमत काहीच नाही. त्याच्यावर टेस्ट बटण असते, महिन्यातून एकदा दाबून पाहायचं, खटका पडला पाहिजे. एमसीबी हाये म्हणून बिनधास्त राहू नका, एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही.

पाणी टाकायचं, ताटी हलवायची, पुसायचं, सगळं पिन काढून. बटण बंद करून नाही. पिन काढून.

---

ताटीवाला (परतवाडा), २० एप्रिल

आमचं कूलर दुरुस्तीचं दुकान, वीस वर्षं ताट्याच भरतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा इकडलं गिऱ्हाईक आलं का मी त्याले आधी विचारतो, पाणी कोणतं?

खारं पाणी असन तर पोळ्याची ताटी घेऊ नका. गोड्या पाण्यावर ती दोन-तीन उन्हाळे जाते, मस्त चीज हाये, पण खाऱ्या पाण्यात तिची भोकं बुजते अन् ती महाग असल्यानं माणूस फेकत नाही, तशीच चालवते. हवा कमी, दमट जास्त. लाकडाच्या किसाची साधी ताटी लावा, जिले आपण वुडवूल म्हणतो, खराब झाली का फेका, दुसरी भरा. सीझनमधे दोनदा भरा लागन, तरी स्वस्त. खसची ताटी असन तर काय बोलता, सुवासानंच अर्धी गरमी जाते, पण खाऱ्या पाण्यात ती लावणं म्हणजे गाढवाले गुलाबजल.

मिठाचा हिशोब असा. तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हंजे पाण्यात विरघळलेले क्षार, २००० धरू, म्हणजे लिटरमागं २ ग्राम. तासाले ८ लिटर पाणी उडालं अन् दहा तास चालवला, ८० लिटर. पाणी उडून जाते, मीठ तर उडत नाही न. म्हणजे रोज १६० ग्राम मीठ कूलरमधेच राहते. महिन्याले पावणेपाच किलोच्या आतबाहेर! अन् लोक काय करते, टाकी खाली झाली का वरून भरते, खाली झाली का वरून भरते, महिनाभर तेच. आठ दिवसात ते पाणी नाही राहत, लोणच्याचा खार होते.

रोज रात्री टाकी पूर्ण खाली करा. बूच काढा, जाऊ द्या. ताटीवर थोडं गोडं पाणी, एक बादली, वरून सोडा जमलं तर. एवढं केलं तर तुमची ताटी महिन्याऐवजी दोन महिने जाईन. पंपाची जाळी पण आठ दिवसाले धुवा, तिथं मीठ बसलं का पाणी एका बाजूनंच पडते अन् दुसरी ताटी कोरडी राहते, मग अर्ध्या कूलरातून गरम हवा येते अन् माणूस म्हणते कूलर पुराना झाला.

दुसरी गोष्ट. कूलर त्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवला असन तुम्ही, हो न? दुपारी तीननंतर ऊन कूलरवर, पाणी गरम, पत्रा गरम, तापलेली हवा ओढते. ओसरीकडून लावा, तिथं सावली. दारात नको, बाबाले अडचण होईन, भिंतीत दोन बाय दोनचं भोक पाडा. अन् पश्चिमेची खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर जाऊ द्या. गरम झळा आत येईन म्हणून बायाबापड्या खिडकी लावून घेते, पण कूलर आतून रेटते तर झळा येईन कुठून. खिडकीत एक गमछा बांधून पाहा, तो बाहेरच्या बाजूनं फडफडला पाहिजे. खिडकी बंद केली का दहा मिनिटात आंबट ओलावा अन् गादी चिकचिक.

---

खारपाणी_कास्तकार, २० एप्रिल

ताटीवाले भौ तुम्ही घरी येऊन गेले काय कधी? कूलर पश्चिमेच्याच खिडकीत हाये अन् बाकी दारं बंद असते! अर्थिंग... सॉकेट थ्री पिन हाये पण मागं वायर हाये का नाही देव जाणे, उद्या खोलून पाहतो.

एक विचारतो, टिनावर तुराट्या टाकल्या तर? यंदा भरपूर हायेत. का चुना मारू?

---

मास्तरीण_ब्रह्मपुरी, २० एप्रिल

मी विज्ञान शिकवते. गाव असं की उन्हाळ्यात टीव्हीवर देशातल्या सर्वात गरम ठिकाणांत नाव येतं आणि बाहेरगावचे नातेवाईक फोन करून विचारतात, अगं जिवंत आहेस का. तर थोडं मी पण बोलते.

कूलर किती गार करू शकेल हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. बाहेर ४५ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यातला थर्मामीटर साधारण २४ दाखवतो. चांगली भिजलेली ताटी त्या दोन आकड्यांमधलं ८० टक्के अंतर कापते, म्हणजे हवा २८ च्या आसपास बाहेर पडते. ४५ चे २८! एक लिटर पाणी उडताना ०.६७ युनिटाएवढी उष्णता घेऊन जातं. दीड टनाचा एसी तासाला सव्वापाच युनिटाएवढी उष्णता ओढतो, म्हणजे तासाला ८ लिटर पाणी उडवणारा तुमचा कूलर कागदावर त्याच तोडीचा, आणि वीज खातो दोनशे वॉट. कागदावर म्हणते, कारण कूलर गार केलेली हवा खिडकीतून जाऊ पण देतो. तरी अमरावतीसारख्या कोरड्या भागात एप्रिल-मे मध्ये कूलरला मी कमी लेखणार नाही. जून संपत आला, पाऊस पडला, बाहेर ३४ आणि ओलावा ७० टक्के झाला की मात्र तोच कूलर ३० ची ओली हवा फेकतो, तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा म्हणून चालवायचा. आमच्याकडे वैनगंगा आणि धानाचे बांध, इथे ते दिवस तुमच्या आधी येतात.

पण तुमचा त्रास मला हवेचा वाटत नाही. तुम्ही लिहिलंय डोकं ठणकतं. दुपारी चारला टिनाला आतून हात लावून पाहा, टेकवता येणार नाही. ते टिन स्टोच्या बर्नरसारखं वरून अंगावर उष्णता फेकतं. हवा २८ ची असली तरी डोकं भाजतंच. म्हणून एसीही तिथे हरतो, पुसदच्या दादांचं तेच झालं. आधी छत.

तुराट्यांचं: सावली म्हणून उत्तम, पण वानरं दोन दिवसांत खाली ओढतात, विंचू होतात, आणि वरून सर्व्हिस वायर जात असेल तर ठिणगीला नेवैद्यच. त्यापेक्षा टिनाच्या वर एक-दीड फुटावर बांबूवर हिरवी शेडनेट ताणा. एक-दीड फूट महत्त्वाचं, मधून वारा गेला पाहिजे. आतून बांबूची चटई किंवा पीव्हीसीचं छत, टिन आणि त्याच्यात अर्धा फूट जागा सोडून, आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना झरोके. चुना सिमेंटच्या स्लॅबवर छान बसतो, टिनावर पहिल्या पावसात वाहून जातो आणि शिवाय जस्ताच्या मुलाम्याला चुना मानवत नाही, टिन लवकर गंजतं. टिनाला पांढरा बाहेरचा ऑइल नाहीतर ॲक्रिलिक रंगच लावा, खाली प्रायमर मारून.

आणि एक विचारू का? बाबांना दुपारी धाब्याच्या खोलीत का नाही बसवत?

---

खारपाणी_कास्तकार, २० एप्रिल रात्री

ताई तिथं सरकी-कापूस ठेवला होता, भाव येईन म्हणून. आता गेला कापूस. दुसऱ्या खोलीत चूल. पण रात्री त्या खोलीत फारच उमस होते, मी झोपून पाह्यलं, भिंती ऊन फेकते. म्हणून बाबा म्हणते टिनाचीच बरी.

---

मास्तरीण_ब्रह्मपुरी, २० एप्रिल रात्री

बाबांचं बरोबर आहे आणि तुमचंही! मातीची भिंत जाड, ती दिवसभर ऊन पिते, आत यायला आठ-दहा तास लागतात. म्हणून दुपारी आत गार, आणि रात्री नऊ-दहाला तेच ऊन आत सोडते. टिनाचं उलट, त्याच्या पोटात काही राहातच नाही, सूर्य बुडाला की तासाभरात गार. मग दुपारी बारा ते सूर्य बुडेपर्यंत बाबा धाब्याखाली आणि नऊनंतर टिनाखाली, घरात दोन्ही आहेत तर दोन्ही वापरा. आज्यांनी जाड भिंती काय हौस म्हणून नाही बांधल्या.

---

सोलर_भाऊ_चिखली, २१ एप्रिल

दादा सोलर का नाही लावत? फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे, एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि वर ७८ हजार अनुदान. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो. मग एसी काय आणि कूलर काय, बिलाची काळजी नाही.

वर्धेचा_वायरमन, २१ एप्रिल

सोलर भौ, पूर्ण सांगा न. हे जे लाइनीले जोडलेलं नेट मीटरवालं सोलर हाये ते लाइन गेली का स्वतःच बंद पडते, ऊन कितीही पडो. तसं ठेवलेलंच हाये ते, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनले तुमच्या सोलरचा करंट लागन. या भौची दुपारी दोन-तीन तास लाइन जाते, नेमकं तेव्हाच कूलर बंद. बिल कमी होईन हे खरं, पण बाबाची दुपार नाही सुटत त्याच्यानं. त्याले बॅटरी पाहिजे.

सोलर_भाऊ_चिखली, २१ एप्रिल

हो ते बरोबर आहे, लिहायला पाहिजे होतं. बॅटरीवाला हायब्रीड घेतला तर चालतो, पण खर्च वाढतो.

वर्धेचा_वायरमन, २१ एप्रिल

साधा घरचा इन्व्हर्टर असन न भौ? १५० एएचची बॅटरी चांगली असन तर २०० वॉटचा कूलर सहा तास नाही तरी पाच तास ओढते. फक्त साइन वेव्ह इन्व्हर्टर पाहिजे, स्वस्तातल्या चौकोनी वेव्हवर मोटर गुणगुणते अन् जळते. अन् छताचा पंखा बीएलडीसी घ्या, ७५ वॉटच्या जागी ३० वॉट.

---

पुसदचा_पोऱ्या, २१ एप्रिल

मी शेवटी काय केलं ते राहिलंच. एसी तोच आहे, पण खाली छत टाकलं, बाहेरचा डबा उत्तरेच्या भिंतीवर घेतला, आणि आता २६ वर ठेवून वरून पंखा. नवीन एसी २०२० पासून चालू करताना आपोआप २४ वर येतात, मी रोज १८ करायचो, मूर्खपणा. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, काळ्या मातीत घर हलतं त्यामुळे भिंतीलाच बोटभर भेग होती, तिच्यातून गार हवा सगळी शेजारच्या गोठ्यात जात होती. शेजाऱ्याची म्हैस खुश.

---

खारपाणी_कास्तकार, ४ मे

मंडळी, राह्यलं होतं सांगायचं, पऱ्हाटी उपटायची कामं चालू होती.

सॉकेट खोललं. तिसऱ्या पिनले मागं वायर होती, हिरवी, चांगली लांब, अन् भिंतीत कुठंच गेलेली नव्हती. नुसती गुंडाळून ठेवलेली. सात वर्षं आम्ही त्या कूलरले हात लावून पाणी टाकून रायलो. बायकोले दाखवली तर ती मटकन खालीच बसली.

वायरमन आणला दर्यापुरातून, खड्डा केला, आरसीसीबी बसवला, मागच्या खोलीले वेगळी लाइन ओढली. ताटीवाल्या भौनं सांगितलं तसं ओसरीकडून भोक पाडलं, कूलर तिकडून. खिडकीत गमछा बांधला, बाहेर फडफडते! ताटी किसाची भरली. रोज रात्री टाकीचं पाणी खाली करतो अन् ते खारं पाणी सरळ नळीनं अर्थिंगच्या खड्ड्यात सोडलं. वायरमन भौ हे चालते काय? मीठ बी मिळते अन् ओल बी राहते.

टिनावर शेडनेट ताणली, मागच्या वर्षी संत्र्याच्या रोपवाटिकेची उरलेली होती भाच्याकडं. आतलं छत पैसे आले का करू.

बाबा पहिल्या दिवशी धाब्याच्या खोलीत जायले तयारच नव्हते, म्हणे मले कोठीत टाकून रायले काय. दुसऱ्या दिवशी जेवून तिथं आडवे झाले ते साडेचारलेच उठले. आता जेवण झालं का स्वतःच उशी घेऊन जाते. रात्री नऊले टिनाखाली, कूलर पुढं. काल दुपारी ४४ होतं, टिनाच्या खोलीतच बसून पाह्यलं मी मुद्दाम, डोकं नाही ठणकलं. गरम होते, पण बसवते.

भावाले सांगितलं एसी राहू दे, ते पैसे छताले दे. तो फुगला थोडा.

---

वर्धेचा_वायरमन, ४ मे

चालते. पण खाऱ्या पाण्यानं खड्ड्यातला अर्थिंगचा रॉड लवकर सडते, दिवाळीले एकदा उकरून पाहून घेजा. अन् टेस्ट बटण दाबलं काय?

खारपाणी_कास्तकार, ४ मे

दाबलं. टीव्ही बंद झाला अन् पोरं बोंबलली, मॅच चालू होती.

ताटीवाला, ५ मे

नवतप्याच्या (मे अखेरच्या नऊ कडक दिवसाच्या) आधी एकदा ताटी उलटी करून लावजा, वरची बाजू खाली. अन् आमच्याकडं आले तर या, चहा पाजतो.